प्रयोगवहीतला ९८ खोडू नका

ठाणे आणि नवी मुंबईतील माध्यमिक शाळांचे संस्थाचालक व मुख्याध्यापक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

आमच्या इमारतीतली नववीतली एक मुलगी गेल्या महिन्यात प्रयोगवही घेऊन माझ्याकडे आली. आकृती ठीक आली आहे का, एवढेच तिला विचारायचे होते. आकृती सुबक होती. तिच्याखाली निरीक्षणांचा तक्ता होता. त्यात तीन मापे होती, तिन्ही एकमेकांशी जुळणारी. सरासरी काढलेली होती, निष्कर्षही लिहून झाला होता. प्रयोग करताना काही अडचण आली का, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, "आजी, प्रयोग अजून व्हायचाय. रीडिंग ग्रुपवर आलीत, वही सोमवारी तपासायला द्यायची आहे." तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, कारण यात काही वावगे आहे असे तिला वाटतच नव्हते, आणि तसे तिला वाटू नये याची व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केलेली आहे.

'आपण' म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत मी एकोणतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी, १९९६ साली, आठवीच्या वर्गाला मी पाण्याचा उत्कलनांक मोजायला दिला होता. तिवईवर तारेची जाळी, जाळीवर चंचुपात्र, खाली स्पिरिटचा दिवा आणि स्टँडला अडकवलेला तापमापी, अशी सहा टेबले मांडली होती. पाणी खदखदू लागले, पारा चढत चढत ९८ पर्यंत गेला आणि तिथेच थांबला. एका मुलीने तक्त्यात ९८ लिहिले. तिच्या शेजारच्या टेबलांवरही पारा ९७ किंवा ९९ च्या आसपास असणार, पण तिथे सगळ्यांनी १०० लिहिले होते, कारण पाणी १०० अंशांना उकळते हे त्यांना आधीपासून पाठ होते. मी त्या ९८ वर लाल रेघ मारून बाजूला १०० लिहिले. "बाई, पण पारा वर का गेला नाही?" असे तिने विचारले. "तापमापी खराब असेल," असे म्हणून मी पुढच्या टेबलाकडे गेले. परत आले तेव्हा तिने ब्लेडने तो आकडा खरवडून काढला होता. कागद तिथे इतका पातळ झाला होता की मागच्या पानावरची शाई दिसत होती.

ती मुलगी आता चाळिशीत असेल. तिचा प्रश्न मला समजायला पुढची कितीतरी वर्षे गेली, आणि समजला तेव्हा लक्षात आले की आठवीच्या विज्ञानातला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. तापमापीवरच्या खुणा कितपत नेमक्या आहेत, इथून सुरुवात करता आली असती. तापमापीचा फुगा गरम पाण्यात असला तरी नळीतल्या पाऱ्याचा बराचसा भाग बाहेरच्या थंड हवेत असतो, तो पुरेसा प्रसरण पावत नाही आणि त्यामुळे माप जवळपास एका अंशाने कमी दिसू शकते, हे तिथे कळले असते. हवेचा दाब कमी असेल तर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून पावसाळ्यात ठाण्यातही फरक पडतो, जरी तो अंशाच्या काही दशांशांचाच असतो. माथेरानला मात्र, सुमारे ८०० मीटर उंचीवर, पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळते. आमच्या शाळेची सहल किती वेळा माथेरानला गेली याची मोजदाद नाही. एकदाही कोणी सोबत तापमापी नेला नाही. मीही नाही.

निवृत्तीच्या दोन वर्षे आधी मी तो प्रयोग पुन्हा घेतला, या वेळी जोडून दोन तासिका मागून. येताना रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी घेतली आणि कपाटातले सहाही तापमापी आधी वितळत्या बर्फात बुडवले. दोघांनी शून्य दाखवलेच नाही: एक शून्याखाली एक अंश, दुसरा वर एक अंश. मग त्याच सहा तापमाप्यांनी उकळते पाणी मोजले आणि फळ्यावर सहा वेगवेगळे आकडे आले. एका मुलाने नळीभोवती कापड गुंडाळून वाफेत धरून बघू म्हटले. दुसरी म्हणाली, जो बर्फात एक अंश खाली दाखवतो तो इथेही एक अंश खालीच दाखवेल कशावरून? मग कोणीतरी विचारले की हे १०० ठरवले कोणी, आणि मला सांगता आले की १७४२ मध्ये सेल्सिअसने आपली मोजपट्टी मांडली तेव्हा उकळत्या पाण्याला त्याने शून्य म्हटले होते आणि गोठत्या पाण्याला शंभर. उलटे नंतर झाले. त्या दोन तासिकांत एकाही मुलाने घड्याळाकडे पाहिले नाही. मला अभिमान वाटावा असे त्यात काही नव्हते, कारण हे मी सत्तावीस वर्षे आधी करू शकले असते.

वैज्ञानिक सर्जनशीलता म्हणजे काहीतरी विलक्षण सुचणे, असा आपला समज आहे आणि म्हणून आपण ती प्रदर्शनातल्या मॉडेलांत आणि रोबोटांत शोधतो. माझ्या समजुतीप्रमाणे ती याच्या कितीतरी अलीकडे, अपेक्षेशी न जुळणारे माप तसेच ठेवण्याच्या धीरात सुरू होते. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन काढून उरलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून मिळवलेला नायट्रोजन यांची घनता सारखी यायला हवी होती, ती येईना. फरक अगदी लहान होता, नीट मोजल्यावर सुमारे अर्ध्या टक्क्याचा निघाला. आपल्या पद्धतीने वागले असते तर त्यांनी दोन्हींची सरासरी काढून विषय संपवला असता. त्यांनी १८९२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहून, हा फरक मला समजत नाही, कोणाला कारण सुचते का, असे वाचकांनाच विचारले. १८९४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्यासह त्यांनी जाहीर केले की हवेत आजवर कोणाला ठाऊक नसलेला एक वायू आहे. तो आरगॉन होता. हवेचा जवळजवळ एक टक्का भाग त्याचा, आणि तोपर्यंत साऱ्या जगाने तो श्वासात घेऊनही ओळखला नव्हता. १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल रॅले यांना आणि रसायनशास्त्राचे रॅम्झी यांना मिळाले. या गोष्टीतला मला सर्वांत प्रिय असलेला भाग त्याहून शंभर वर्षे जुना आहे: १७८५ मध्ये कॅव्हेंडिशने हवेतल्या नायट्रोजनवर प्रयोग करताना, काही केल्या नाहीसा न होणारा एक लहानसा बुडबुडा उरतो, अशी नोंद करून ठेवली होती. कारण त्याला कळले नाही, पण त्याने ती नोंद खरवडली नाही.

याच रॅले यांनी समुद्राच्या निळाईविषयी, ते आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे मत मांडले होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि खिशातल्या निकोल प्रिझममधून पृष्ठभागावरचे परावर्तन अडवून पाहिले, तरी पाणी निळेच राहिले. याविषयीचे पत्र त्यांनी 'नेचर'ला पाठवले ते नारकुंडा बोटीवरून, आणि त्यावर ठिकाण होते मुंबई बंदर. आपली ठाण्याची खाडी ज्या पाण्याला जाऊन मिळते, त्या पाण्यावर हे पत्र लिहिले गेले आहे. तिथून निघालेले काम २८ फेब्रुवारी १९२८ च्या 'रामन परिणामा'च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत पोचले. आपण त्या तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. माझ्या शाळेत त्या दिवशी एका मुलाला फेटा बांधून रामन केले जाई आणि त्याच्याकडून भाषण पाठ करून घेतले जाई. ते घेणारी मीच असे. पोलराइज्ड काचांचा एक साधा गॉगल घेऊन मुलांना मासुंदा तलावाच्या काठावर नेले असते, पाण्यावरची चकाकी काच फिरवताना कशी विझते आणि खालच्या पाण्याचा खरा रंग कसा दिसतो हे दाखवले असते, तर रामन यांनी बोटीच्या कठड्याशी उभे राहून काय केले ते पंधरा मिनिटांत कळले असते.

असे का होते, याचे उत्तर एकट्या शाळेत नाही. आपली बोलण्याची भाषाच पाहा. प्रश्न विचारणारे मूल 'आगाऊ' असते. घड्याळ उघडून बसलेले मूल 'नसते उद्योग' करत असते. मोठ्यांच्या विधानात चूक दाखवणे म्हणजे 'उलट उत्तर', आणि 'जास्त डोकं चालवू नकोस' हे वाक्य तर आपण रागाच्या भरात इतक्या सहज म्हणतो की त्याचा अर्थ आपल्या कानापर्यंत पोचत नाही. मीही माझ्या मुलांना हे म्हटले आहे. घरातून ही शिकवण घेऊन आलेले मूल वर्गात बसते तेव्हा ९८ आणि १०० यांच्यातली निवड त्याने केव्हाच केलेली असते. पुस्तक हे मोठे माणूस, बाई हे मोठे माणूस, आणि पारा कोणीच नाही.

यात मुलींचा वाटा वेगळा सांगायला हवा. सहा जणांचा गट केला की दिवा पेटवायला आणि उपकरण जुळवायला मुलगा पुढे होतो, आणि तक्ता भरायला मुलगी बसते, कारण तिचे अक्षर चांगले असते. वर्षानुवर्षे मी हे पाहिले आणि त्याला शिस्त समजले. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला तेव्हा स्त्री म्हणून तो नाकारणारे संचालक रामन हेच होते. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, पहिले वर्ष प्रोबेशनवर राहण्याची अट मान्य केली, १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. रॅले यांचे मत तपासून पाहणाऱ्या रामन यांनाही आपल्या समाजाचे एक मत तपासावेसे वाटले नाही. विज्ञान दिनाच्या भाषणात हेही यायला हवे, त्याने रामन लहान होत नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडली. सेमी इंग्रजीच्या वर्गांत विज्ञान इंग्रजीतून आले. पुढच्या शिक्षणाची सोय म्हणून पालकांनी ते मागितले, त्यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण मुलाला शंका येते ती मराठीत, आणि ती इंग्रजीत मांडता येईपर्यंत तास संपतो. पाठ केलेले उत्तर इंग्रजीत सहज येते, शंका येत नाही. म्हणून वर्गात उत्तरांचा आवाज वाढला आणि शंकांचा कमी झाला. शंका कोणत्याही भाषेत विचारली तरी चालेल, एवढे शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितले तरी फरक पडतो. मी शेवटच्या काही वर्षांत सांगत असे.

पाठांतराच्या मी विरोधात नाही, हे इथे स्पष्ट करते, कारण असे पत्र वाचले की घोकंपट्टीला शिव्या दिल्या असेच वाटते. अर्धा टक्का फरक रॅले यांना खुपला, कारण नेमके किती यायला हवे ते त्यांना ठाऊक होते. काहीच माहीत नसलेल्या मुलाला ९८ पाहून आश्चर्य वाटणार नाही. आधी १०० माहीत हवे, ते पक्के पाठ हवे, आणि मग समोर ९८ दिसला तर तो दिसला असे म्हणण्याची मुभा हवी. आपण पहिला भाग चोख करतो. क्लासेस तो आपल्याहूनही चोख करतात, आणि निकालानंतर गोखले रस्त्यावर लागणाऱ्या फलकांवरचे गुण खोटे नसतात. कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणाऱ्या अकरावी-बारावीच्या 'इंटिग्रेटेड' वर्गांत वर्षाची प्रात्यक्षिके शेवटच्या काही दिवसांत उरकली जातात, त्याविषयी इथे लिहीत नाही. ते वेगळे आणि मोठे दुखणे आहे.

हे सगळे आपल्याकडे जमणारच नाही, असे कोणी म्हणू नये. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा ग्रामीण शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे शेकडो सरकारी शाळांत पसरला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ यांतली माणसे तिथे गावच्या शिक्षकांबरोबर बसत. उपकरणे स्वस्तातली, जवळपास मिळणारी होती. परीक्षेत पुस्तक उघडायला परवानगी होती आणि प्रयोग करून दाखवावा लागे. मुले आपले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक गृहस्थाला पत्राने पाठवत आणि त्यांना उत्तरे जात. राज्य सरकारने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षे तो चालला हे खरे आहे, आणि त्या शाळांकडे आपल्या शाळांइतकी साधने कधीच नव्हती.

आता मागणे. सरकारी आदेशाची वाट पाहायची गरज नाही असेच मी मागते आहे, कारण पाचवी ते नववीच्या प्रयोगवह्या पूर्णपणे तुमच्या हातात आहेत आणि आठवीपर्यंतच्या आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रात्यक्षिकाला, उपक्रमाला आणि प्रकल्पाला आधीच जागा आहे.

निरीक्षणांच्या तक्त्यावर लाल शाई चालवायची नाही, एवढा एक नियम आपल्या शाळेत करावा. माप अपेक्षेपेक्षा वेगळे असेल तर शिक्षकाने शेजारी 'असे का आले असेल?' एवढेच लिहावे, विद्यार्थ्याने खाली दोन ओळींत आपले कारण द्यावे आणि गुण त्या दोन ओळींना मिळावेत. कारण चुकीचे असले तरी चालेल, ते त्याचे स्वतःचे असावे. याच्या जोडीला, तपासायला फेअर वही न मागता रफ वही मागावी. टेबलाशी उभे राहून, ओल्या हातांनी, घाईत लिहिलेले आकडे रफ वहीत असतात. रात्री घरी बसून ती फेअर होताना त्यांतले अवघड आकडे गळून पडतात. पालकांना गबाळ्या वह्या आवडणार नाहीत. त्यांना समजावण्याचे काम मुख्याध्यापकांनी शिक्षकावर न टाकता स्वतः करावे.

दुसरे, फुटलेल्या काचेची भीती घालवा. परीक्षानळी फुटली की पैसे भरायचे आणि वर्षअखेरीस साठा नोंदवहीशी जुळला नाही की शिक्षकाने खुलासा द्यायचा, या रिवाजामुळे कपाटांना कुलपे लागली आहेत आणि प्रयोग दाखवण्यापुरते उरले आहेत. मोडतोडीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवा आणि ती खर्च झाली नाही तर प्रयोगशाळेत काम झाले नाही असे समजा. प्रयोगशाळा परिचराला कार्यालयात फायली वाहायला बसवलेले असेल, तर त्यालाही परत पाठवा.

तिसरे, वर्षातून एक प्रयोग असा द्या की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि शिक्षकालाही ठाऊक नाही. एक सुचवते. लोखंडी खिळ्यांचे एकच पाकीट घ्यावे, खिळे वजन करून सारखे वाटावेत, काही खाडीकाठच्या कोपरीत किंवा ऐरोलीत एखाद्या शाळेच्या गच्चीवर आणि काही येऊरच्या पायथ्याच्या शाळेच्या गच्चीवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत टांगावेत, आणि मग गंज घासून काढून वजन करावे. खाडीकडचे जास्त गंजतील असे सगळे म्हणतील. कदाचित तसे होईल. गच्चीवर पाऊस किती थेट पडतो, खिळा वाळतो किती वेळात, शेजारी कारखान्याचा धूर आहे का, यावर ते अवलंबून आहे, आणि तुमच्या गच्चीचे उत्तर अजून कोणीही मोजलेले नाही. दोन शाळांच्या मुलांनी एकमेकांना आपली मापे पत्राने कळवावीत.

साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांची तासिका, निवडणुकीची कामे आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती यांतून शिक्षकाला वेळ कुठून मिळणार, हे तुम्ही विचाराल आणि ते रास्त आहे. म्हणूनच एका सत्रात एकदा जोडून दोन तासिका, यापलीकडे मी काही मागत नाही. मार्गदर्शन लागले तर ते दूर नाही: होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करते आहे आणि वाशीहून गाडीने खाडी ओलांडली की पुढचेच स्थानक मानखुर्दचे आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद चुनाभट्टीला आहे.

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासू वृत्ती बाळगणे हे त्यांतले एक, १९७६ मध्ये घटनेत आलेले. आमच्या इमारतीतल्या त्या मुलीच्या पुस्तकातही ते पान आहे. तिच्या वहीतला प्रयोग पुढच्या आठवड्यात होईल तेव्हा तिने मोजलेले माप लिहायला तक्त्यात एकही चौकट रिकामी नसेल.

माझ्याकडे सहा तापमापी आहेत. बर्फात कोणता किती चुकतो ते त्यांच्यावर चिठ्ठ्या लावून लिहिलेले आहे, पण त्या चिठ्ठ्या मी आधी काढून टाकीन. पोलराइज्ड गॉगलही दोन आहेत. ठाणे किंवा नवी मुंबईतल्या ज्या शाळेला हवे असेल तिथे मी कोणत्याही शनिवारी येईन, मानधन नको, बर्फ येताना वाटेत घेईन. प्रयोगशाळेचे कपाट उघडे असावे आणि मुलांना रफ वह्या घेऊन यायला सांगावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
नौपाडा, ठाणे